तीस मीटर कमी

गरज ही मोजता आली तरच खरी, हे आमच्या कार्यालयाचं पहिलं तत्त्व. स्लोव्हेनियाच्या राजधानीत शिकायला येणाऱ्या मुलामुलींना सवलतीच्या दरात वसतिगृहाची खोली मिळण्यास कोण पात्र आहे, हे आम्ही ठरवतो. खोल्या देणारा विभाग वेगळा आहे. त्यांच्याकडे खोल्या कमी, आमच्याकडे नियम भरपूर, त्यामुळे एकंदरीत समतोल राहतो. गेल्या वर्षी आमच्याविरुद्ध एकही तक्रार आली नाही. (तक्रारीचा अर्ज फक्त पात्र विद्यार्थ्यांना मिळतो.)

लुचका प्रेलोग सप्टेंबरात माझ्या खिडकीशी आली. पशुवैद्यकाचं पहिलं वर्ष, गाव पोदगोरा, हातात सतरा कागद. सगळे बरोबर होते, आणि अशा वेळी कारकुनाला जरा अस्वस्थच वाटतं. मी नकाशा उघडला. नियमाप्रमाणे घर कॉलेजच्या फाटकापासून किमान पंचवीस किलोमीटर हवं. तिचं घर निघालं चोवीस किलोमीटर नऊशे सत्तर मीटर.

"तीस मीटर कमी पडताहेत," मी म्हणालो.

"साहेब, तीस मीटर म्हणजे आमच्या दारापासून कोंबड्यांपर्यंत!"

"मग कोंबड्या पात्र आहेत," मी म्हणालो. विनोद नव्हता, नियम सांगत होतो.

ती घरी गेली. तिचे आजोबा ओझ्बाल्ट, वय एक्क्याऐंशी, मधमाश्या पाळतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं वेडे, माझी मधमाश्यांची खोली घरापासून चाळीस मीटर वर आहे. तू तिथे राहा!"

ही लाकडी खोली. पुढच्या भिंतीत पोळ्यांच्या रंगीत पेट्या, मागे म्हातारबुवांची दुपारच्या झोपेची खाट. लुचकाने तिथे अंथरूण टाकलं आणि नोंदणी कचेरीत जाऊन पत्ता बदलला. अंतर भरलं पंचवीस किलोमीटर दहा मीटर. आता आम्ही तरी काय बोलणार? आम्ही तपासनीस पाठवला.

आमचे त्सिरिल कर्तव्यदक्ष गृहस्थ. मोजणीचं चाक ढकलत बागेतून वर गेले आणि पाचव्या मिनिटाला कानाला डंख घेऊन खाली आले.

"अहो, चाकाचा आवाज त्यांना आवडत नाही," आजोबा म्हणाले. "बसा, कांदा लावतो. पोटीत्सा खाणार? अक्रोड भरलेला गोड पाव, आजच भाजलाय."

"मी कामावर आहे."

"मग उभ्याने खा."

त्सिरिलांनी उभ्याने तीन तुकडे खाल्ले. अहवालात लिहिलं: अर्जदार प्रत्यक्ष राहते, उशी, चपला आणि गाईच्या पोटाचं चित्र असलेलं पुस्तक आढळलं, सहरहिवासी अंदाजे दोन लाख, स्वभाव तापट.

अंतराचा प्रश्न सुटला आणि त्यातूनच दुसरा निघाला. स्वतंत्र पत्ता म्हणजे स्वतंत्र घर. ज्याला स्वतंत्र घर आहे त्याची राहण्याची अडचण सुटलेली असते. लुचकाचं आम्ही पत्राने अभिनंदन केलं आणि अर्ज फेटाळला.

ती पुन्हा आली. तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता, वर्ग सुरू होऊन महिना झाला होता, आणि तिच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं. (डोळ्यांखालच्या काळ्याला गुण नाहीत.)

"साहेब, ते घर नाही. तिथे नळ नाही, शेगडी नाही. खोकला आला तरी पेट्या गुणगुणायला लागतात."

"तसा दाखला आण."

बांधकाम खात्याने दाखला दिला: सदर खोली माणसाने राहण्यास अयोग्य. लुचका तो नाचवतच आली. मी तो नियमानुसार नोंदणी कचेरीला कळवला. त्यांनी विचारलं, अयोग्य जागी माणूस राहतो कसा? आणि तिची नोंद रद्द करून तिला पुन्हा आईच्या स्वयंपाकघरात आणून ठेवलं. चोवीस किलोमीटर नऊशे सत्तर मीटर. तीन कचेऱ्या, अकरा शिक्के, आणि मुलगी होती तिथेच. इतक्या बिनचूक कामाचं कौतुक फार कमी ठिकाणी होतं.

डिसेंबरात आजोबा स्वतः आले. खिडकीवर मधाची बरणी ठेवली.

"ही लाच नव्हे," ते म्हणाले. "तुम्ही घेणार नाही, ठाऊक आहे. नुसती बघा. ही बनवणाऱ्या माश्या पाच किलोमीटर जातात आणि परत येतात. त्यांना कुणी विचारत नाही कुठून आलात म्हणून. माझी नात शिकू नये असं वाटत असेल तर तोंडावर सांगा की! तीस मीटरच्या मागे काय लपता?"

मला वाईट वाटलं. तशी नोंद मी केली नाही.

मग फेब्रुवारीत नगरपालिकेने पोदगोऱ्याच्या तिठ्यावर वर्तुळाकार चौक बांधला. चौकाला वळसा घालायला बत्तीस मीटर जास्त लागतात. नवा नकाशा आला आणि लुचका प्रेलोग, स्वयंपाकघरातून तसूभरही न हलता, पंचवीस किलोमीटर दोन मीटरवर जाऊन पात्र झाली. कार्यालयात टाळ्या वाजल्या. त्सिरिलांनी केक आणला.

मार्चच्या पहिल्या सोमवारी ती पात्रतेचं पत्र घ्यायला आली. खोलीची किल्लीही त्याच दिवशी मिळणार होती. सहीसाठी पेन शोधायला मी आत गेलो. परत येतो तर पोरगी खुर्चीत बसल्या बसल्या गाढ झोपलेली, पत्र छातीशी धरून. आमच्या व्हेसेलबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय गं, कॉलेजातले संध्याकाळचे प्रयोग आठला संपतात आणि तुमच्या गावची शेवटची बस सातला जाते ना? मग इतके महिने झोपायला जात होतीस कुठे?"

लुचकाने डोळे चोळले. आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं.

"आता पात्र झालेय ना? नक्की? मग सांगू?"

"नको," मी घाईने म्हणालो. अर्जात तसा रकाना नाही.

ती झोपत होती कुठे, हे तुम्हाला मात्र आता विचारावंसं वाटतंय. इतका वेळ तुम्हीही आमच्यासोबत मीटरच मोजत होतात.