गॅस न पेटवता जेवण

मुलांना स्वयंपाक शिकवणं एकदम सोपं असतं. आईला फक्त गप्प बसता आलं पाहिजे! हे मी ऑफिसात डबा खाताना सगळ्या बायकांना ठणकावून सांगितलं. "उद्या रात्रीचं जेवण माझी केतकी आणि नंदू करणार. मी बोटसुद्धा लावणार नाही!"

केतकी आठ वर्षांची, नंदू पाचाचा. बेत दडपे पोह्यांचा, म्हणजे विस्तवाशी संबंधच नको. कांदा-मिरची मी आधीच चिरून ठेवली, नारळ खवून ठेवला आणि मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांमधल्या एकुलत्या एक खुर्चीत महाराणीसारखी बसले.

सुरुवात झकास झाली! नंदूने कोपरापर्यंत हात घालून पोहे असे कालवले, जणू गणपतीची माती मळतोय. केतकी हेडबाईंसारख्या सूचना देत होती. तेवढ्यात नंदूने लिंबाची बोलिंग टाकली. लिंबू गॅलरीतून थेट खालच्या गटारात!

"जा, शेजारच्या सुगंधाकाकूंकडून एक लिंबू आण," मी केतकीला म्हटलं. इथेच वाट लागली.

दारात काकूंनी विचारलं, "आई काय करता गो?"

"काही नाही. नुसती बसलीय. आज गॅस पेटवणारच नाही म्हणाली."

"आणि बाबा?"

"त्यांना अजून काही माहीतच नाही!"

आमची केतकी एक शब्द खोटं बोलली नाही हो. हरिश्चंद्रच!

लिंबू आलं, पण त्याच्या मागोमाग सोलकढीचं पातेलं घेऊन सुगंधाकाकूही आल्या. डोळ्यांत पाणी! "काय झाला गो तुका? घोवावरचो राग पोरांवर कित्याक काढतस?"

"अहो, मला कुठे राग आलाय! मुलं जेवण करतायत, गंमत म्हणून."

"गंमत?" काकूंनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

मग काकूंकडून बातमी कळलेल्या तळमजल्यावरच्या रत्नप्रभावहिनी वरणभाताचा कुकर घेऊन वर आल्या. अख्ख्या बिल्डिंगमध्ये फोन फक्त त्यांच्याकडे.

"मृणालिनी, काळजी करू नकोस. मी विद्याधरभावजींच्या ऑफिसात फोन केलाय. म्हटलं, असाल तसे या, बायकोने गॅस बंद केलाय!"

"वहिनी! मला काहीही झालेलं नाही!"

"असंच म्हणतात गं सगळ्या," वहिनी काकूंकडे बघत म्हणाल्या. मी जितकं हसून सांगावं, तितके त्यांचे चेहरे आणखी लांब होत होते!

पातेलं आणि कुकर मांडून होईपर्यंत पोह्यांचं ताट कोपऱ्यात सरकलं होतं. नंदू ते पोटाशी धरून उभा राहिला. खालचा ओठ थरथरायला लागला. "मग आमचे पोहे कोण खाणार?"

आता मात्र मी खुर्ची सोडली. दोघींना पाटावर बसवलं आणि केतकीला म्हटलं, "वाढ!"

सुगंधाकाकूंनी भीत भीत घास घेतला. साखर दोन मुठी जास्त, मीठ बेताचं. पण काकू पुसट हसल्या. "बरे झालेत रे झिला! अजून घाल." वहिनींनीही मागून घेतले. नंदूची छाती अशी फुगली, की शर्टाचं बटण तुटतं की काय! हळूहळू दोघींना पटलं, की या घरात भांडण नाही, फक्त पोहे आहेत. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

आणि दारात विद्याधर! घामाघूम. एका हातात गजरा, दुसऱ्या हातात बॅग. समोर शेजारणी बसल्यात, याचंही भान नाही.

"मृणाल, चुकलो! पण तुला सांगितलं कोणी?"

"काय सांगितलं?"

"हेच... की तुझी कारल्याची भाजी मी ऑफिसातल्या बाळ साठ्येला देतो आणि कॅन्टीनचा वडा खातो. बिचारा एकटा राहतो गं, काहीही खातो!"

काकूंचा घास हातातच राहिला.

"फक्त कारल्याची?" मी विचारलं.

"नाही... म्हणजे... सगळ्याच."

तेव्हा मला कळलं, की शेजारणींचा अंदाज काही चुकला नव्हता. त्या जरा लवकर आल्या होत्या, इतकंच!