साहेबरावांनी हवा सोडली

“रविवारी पाव्हणं यायच्या टायमाला आपल्या दारात एक जरी फटफटी दिसली, तर साहेबराव फराटे नाव न्हाई लावणार!” साहेबरावांनी बायकोला, सरूबाईंना, गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

आवाज खरं तर शेजारच्या हौसरावांसाठी होता. दोघं मांडवगणचे, भावकीतले. कोरेगाव भीमात प्लॉटही शेजारी-शेजारी घेतलेले. साहेबरावांनी घर बांधलं, हौसरावांनी घराला लागून भाड्यानं द्यायला पत्र्याच्या खोल्याही. खुराडी म्हणावीत, तर कोंबड्यांनी नाकं मुरडली असती. त्यात कंपनीतली पोरं कोंबलेली आणि त्यांच्या मोटारसायकली साहेबरावांच्या फाटकाला टेकून पडलेल्या. बोलायला गेलं की हौसराव म्हणायचे, “दादा, खोल्या माज्या. रस्ता सरकारचा.”

रविवारी दौंडचे पाहुणे साहेबरावांच्या मोनालीला बघायला येणार होते. मुलगा रेल्वेत. असलं स्थळ काय फटफट्या ओलांडत आत येणार? साहेबराव रविवारी सकाळीच बनियनवर बाहेर पडले आणि काडी घालून एकूण एक गाडीची हवा सोडली. दोन्ही चाकांची.

“बसा म्हणावं आता बोंबलत!”

“ते बसतील वो,” सरूबाई म्हणाल्या. “पर ह्या गाड्या आता हलायच्या कशा?”

साहेबरावांनी एवढा लांबचा विचार केला नव्हता.

पोरं डोळे चोळत आली. “अंकल, सब पंचर! ढकेलेंगे तो टूब फटेगा.”

हौसराव ओट्यावर दात घासत होते. “बरोबर हाय पोरांचं. आन् पंक्चरवाला गेलाय लग्नाला. माज्याकडं सायकलचा पंप हाय. देऊ का, दादा?”

साहेबरावांनी पंप घेतला. पोरांनी मदत केली ती एवढीच, की चाक दाबून “और थोडा, अंकल” म्हणायचं. शेवटचं चाक भरताना साहेबरावांच्या तोंडाला काळं लागलेलं, बनियन घामानं चिकटलेलं, आणि गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. मुलाचे वडील उतरून थेट त्यांच्यापाशी आले.

“ओ हवावाले, मध्यस्थानं ‘कोरेगावचे फराटे’ एवढंच सांगितलंय. घर कुठलं?”

‘मीच तो’ म्हणायची साहेबरावांना लाज वाटली. त्यांनी मान खाली घालून हात नुसता मागं केला आणि परसदारानं अंघोळीला पळाले. हात केला त्या बाजूला दोन फाटकं होती. एक गाड्यांनी बंद. दुसऱ्यात तोंड पुसत हौसराव.

“फराटेच का?”

“फराटेच की! या, या!”

साहेबराव इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले, तेव्हा हौसरावांच्या ओट्यावर पोहे आले होते. ते घेऊन हौसरावांची मुलगी माया आली होती.

“पोरगी पसंत हाय म्हणत्यात,” सरूबाई म्हणाल्या.

“कुणाची?”

“त्येंची.”

तेवढ्यात हौसरावांनी भाडेकरूंना हाक मारली, “ए, पाव्हण्यांच्या जीपको जगा करो रे!”

पोरांनी टम्म फुगलेल्या चाकांच्या गाड्या भराभर काढल्या. साहेबरावांचं फाटक मोकळं झालं. जीप तिथं लागली.