रोबोटने फोडलेला नारळ

"सॉफ्टवेअर निवडायचं ना? एका दुपारचं काम आहे!" निगडीच्या आपल्या फ्लॅटमध्ये पोह्यांचा शेवटचा घास घेत गुरुदत्तने जाहीर केलं.

"मिक्सर निवडायला तुला चार महिने लागले होते," मृदुला म्हणाली.

"मिक्सरचं वेगळं. तिथे बायकोचं मत लागतं. हे इंजिनिअरिंग आहे!"

आणि गुरुदत्त चाकणच्या वाटेला लागला.

चाकणला रंगराव शेठचा पॅटर्नचा कारखाना होता. फाउंड्रीत लोखंड ओतायचं तर आधी त्या वस्तूचा लाकडाचा किंवा थर्माकोलचा हुबेहूब नमुना लागतो, तोच पॅटर्न. तीस वर्षं हे नमुने सोनबा मिस्त्री हाताने कोरत आले. आता त्यांची नजर थकली होती. म्हणून शेठनी एका बंद पडलेल्या कंपनीच्या लिलावातून नारंगी रंगाचा रोबोट उचलला. रोबोट म्हणजे काय, माणसाहून उंच असा एक हात! बाकी डोकं नाही, पोट नाही. त्या हाताला कटर लावला की तो ठोकळा कोरणार. पण कुठून, कसा कोरायचा हे त्याला सांगणारं सॉफ्टवेअर हवं होतं.

"रोबोट घ्या शेठ, पुढचं मी बघतो!" असं छातीवर हात मारून सांगणारा गुरुदत्तच. त्यासाठी तो बारा वर्षांची पक्की नोकरी सोडून इथे आला होता. शुक्रवारी फाउंड्रीची माणसं पंपाच्या झाकणाचा पॅटर्न बघायला येणार होती. जमलं तर वर्षभराचं काम, नाही जमलं तर ते काम भोसरीच्या दुसऱ्या कारखान्याला!

दोन सॉफ्टवेअर चाचणीला आली होती. पहिलं दिसायला एकदम लग्नाचा अल्बम! नारंगी हात पडद्यावर असा झुलायचा की बघत राहावं. फक्त मधूनमधून एक पिवळी सूचना यायची, 'मनगट वळताना अडचण येऊ शकते.' चौथ्यांदा ती आली तेव्हा गुरुदत्त वैतागला आणि 'पुन्हा दाखवू नका' या चौकटीत त्याने बरोबरची खूण केली. त्यानंतर ते सॉफ्टवेअर नव्या जावयासारखं गोड वागू लागलं.

दुसरं पुनावळ्याचा अनिश नावाचा मुखदुर्बळ माणूस घेऊन आला होता. तेच झाकण त्यात घातलं, तर सगळा पडदा लालेलाल! 'हात इथे पोहोचणार नाही.' 'मनगट उलटं फिरेल.' 'थांबा.'

"हे सॉफ्टवेअर आहे की तहसील कचेरीतली खिडकी?" गुरुदत्त म्हणाला.

अनिश नुसता हसला आणि आपलं कार्ड ठेवून गेला. गुरुदत्तने बेचाळीस मुद्द्यांचा तक्ता केला होता. त्यात 'स्वभाव' असाही एक मुद्दा होता. पहिल्याला दहापैकी दहा!

बुधवारी दुपारी त्याच पहिल्या सॉफ्टवेअरवर चाचणी. शेठ म्हणाले, पूजा केल्याबिगर बटण दाबायचं न्हाई. हळदकुंकू झालं. टेबलाच्या पार कोपऱ्यात तांब्यावर नारळ ठेवला गेला.

"हाताच्या वाटंत येत न्हाई न्हवं?" सोनबांनी विचारलं.

"छे हो! हात तिकडे फिरकणारसुद्धा नाही!"

सगळे जाळीच्या कुंपणाबाहेर उभे राहिले. गुरुदत्तने बटण दाबलं. दहा मिनिटं काय सुंदर काम! थर्माकोलचा भुगा पिंजलेल्या कापसासारखा उडत होता. गुरुदत्त ऐटीत मागे वळून सगळ्यांकडे बघू लागला आणि नेमका तेव्हा हात थबकला. घरात गॅस चालू राहिल्याचं आठवावं तसा! मग मनगट गर्रकन उलटं फिरलं, हाताने कबड्डीपटूसारखी कोपऱ्याकडे झेप घेतली, आणि फाट्!

नारळाच्या चिंधड्या! करवंट्या जाळीवर ताडताड आदळल्या, पाणी सोनबांच्या चष्म्यावर, तांब्या घरंगळत थेट दारापर्यंत! गुरुदत्तने झडप घालून लाल बटण ठोकलं. हात जागच्या जागी थिजला. जाळीच्या आत कुणी नव्हतं म्हणून कुणाला खरचटलंही नाही, पण गुरुदत्तला डोळ्यांसमोर आपला राजीनामा टाइप होताना दिसू लागला.

तेवढ्यात टाळ्या पडल्या. शेठच्या!

"आरं तिच्या! नारळ बी त्योच फोडतो व्हय! साहेब, आधी बोलला न्हाई तुमी!"

खरं सांगायची हीच वेळ होती. गुरुदत्तने तोंड उघडलं. बाहेर पडलं ते भलतंच.

"सरप्राइज होतं, शेठ."

झालं! शेठनी तिथूनच फाउंड्रीला फोन लावला. "शुक्रवारी येताय न्हवं? आमचा रोबोट सोता नारळ फोडून कामाला लागतोय!" मग मेव्हण्याला फोन, मग सरपंचांना. गुरुवारी सकाळी अकरा नारळ येऊन पडले. एखादा चुकला तर असावेत म्हणून!

गुरुदत्तने कॉम्प्युटर उघडून 'पुन्हा दाखवू नका'ची ती खूण काढली. भराभर पिवळ्या सूचना पडू लागल्या. एकशे सतरा! त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने कार्ड शोधून अनिशला फोन केला. तासाभरात तो हजर.

"सर, वॉर्निंग बंद केल्या होत्या का?" अनिशने पहिलाच प्रश्न विचारला.

"थोड्याशा."

"मग त्या सॉफ्टवेअरची चूक नाही. ते सांगत होतं, तुम्ही त्याचं तोंड बांधलंत. आमच्याचं बांधता येत नाही, एवढाच फरक."

अनिशने पुन्हा तेच झाकण आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घातलं. लाल. ठोकळा वीतभर उचलला. थोडं लाल. टेबल जरा तिरकं केलं आणि सगळा पडदा हिरवागार! गुरुदत्तला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

"फक्त एक करा," तो हळूच म्हणाला, "नारळ मात्र फुटला पाहिजे."

अनिशने पडद्यावरून नजर उचलली. "सर, वाटेत काही फुटू नये म्हणून आम्ही हे सॉफ्टवेअर विकतो."

शुक्रवारी दुपारी कारखान्यात जत्रा भरली. फाउंड्रीच्या तपासनीस सलोनी मॅडम मोजमापाची पेटी घेऊन आल्या. शेठ फेटा बांधून, हातात नारळ घेऊन उभे. गुरुदत्तने त्यांना कंप्रेसरच्या मागे नेलं.

"शेठ, परवा नारळ चुकून फुटला. हात भरकटला होता. मी खोटं बोललो. आज फोडायला गेलो तर पॅटर्नही जाईल."

शेठनी इकडेतिकडे बघितलं आणि त्याच्या कानाशी लागले.

"खरं सांगू साहेब? मला पळायचंच व्हतं! पाय उचललाच न्हाई. समदे बघत व्हते, म्हणून टाळ्या वाजवल्या. काल तर रातभर झोप न्हाई, आज ह्यो पुन्यांदा फोडणार म्हणून!"

आणि शेठनी बाहेर येऊन नारळ सोनबांच्या हातात दिला. "मान सोनबाचा!" सोनबांनी पायरीवर एका दणक्यात नारळ फोडला. खोबरं वाटलं गेलं. सरपंच जरा हिरमुसले, पण खोबरं खात राहिले.

अनिशच्या सॉफ्टवेअरवर रोबोट चालू झाला. सव्वादोन तास हात शहाण्या मुलासारखा चालला. एकदाही थबकला नाही, एकदाही गर्रकन फिरला नाही. सलोनी मॅडमनी पॅटर्न सात ठिकाणी मोजला. आठव्या ठिकाणी दोनदा मोजला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

शेठ मटकन खुर्चीवर बसले. सोनबांनी चष्मा पुसला. गुरुदत्तच्या छातीवरून जणू कंटेनर उतरला!

"पण इतकं अचूक कसं जमवलंत?" मॅडमनी पेटी बंद करत विचारलं.

गुरुदत्तने घसा खाकरला, बेचाळीस मुद्द्यांचा तक्ता उलगडून टेबलावर पसरला आणि सुरुवात केली, "त्याचं असं आहे मॅडम, सॉफ्टवेअर निवडताना सगळ्यात आधी..."

"मेलवर पाठवाल का?" मॅडम दाराकडे धावत म्हणाल्या. "माझी कंपनीची बस पाच-दहाला सुटते!"