भाषारक्षक उकिडवे

एकोणीसशे एकाहत्तर सालच्या ऑक्टोबरात, एका शनिवारी, वायव्य लंडन महाराष्ट्र संस्कृती संरक्षक मंडळाच्या कोजागरीत मराठी भाषेवर गंभीर प्रसंग ओढवला. कोजागरी दुपारी तीन वाजता होती, कारण संध्याकाळी चर्चचा हॉल बॅडमिंटनवाल्यांकडे असे. चंद्राविषयी कोणाची तक्रार नव्हती. मसाला दूध गरम होतं, मंडळी कोट घालूनच सतरंजीवर बसली होती आणि सगळं परंपरेनुसार चाललं होतं. तेवढ्यात डॉ. पद्माकर उकिडव्यांची सात वर्षांची शैला धावत आली आणि भर सभेत बापाला म्हणाली,

"बाबा, त्या मुलगीनी माझी कोट घेतला! आणि ती परत नाही देतो!"

पद्माकर उठला, 'ती मुलगी' कोण ते त्याला लगेच कळलं आणि त्याने कोट परत मिळवून दिला. प्रकरण खरं म्हणजे इथेच मिटलं होतं. पण ते वाक्य मंडळाचे अध्यक्ष मोहनराव आठल्ये यांच्या कानावर पडलं. त्यांच्या हातातला दुधाचा पेला तिथल्या तिथे थांबला.

दुसऱ्याच दिवशी स्टॅनमोरला मोहनरावांच्या लाउंजमध्ये कार्यकारिणीची तातडीची बैठक भरली. "जंटलमेन," मोहनराव म्हणाले, "वुई आर लूझिंग अवर लँग्वेज." विषय गंभीर असल्याने पुढची सगळी चर्चा इंग्रजीतच झाली. ठरावही इंग्रजीत झाला, म्हणजे अर्थाबद्दल वाद नको. ठराव असा की, यापुढे मंडळाच्या हॉलमध्ये केवळ शुद्ध मराठीच बोलली जाईल. ज्याच्या तोंडून इंग्रजी शब्द किंवा चुकीचं लिंग जाईल त्याने बाहेर पायऱ्यांवर उभं राहावं आणि योग्य शब्द आठवल्यावरच आत यावं.

अंमलबजावणीसाठी भाषारक्षक नेमायचं ठरलं. मुख्य भाषारक्षक म्हणून सगळ्यांनी पद्माकरकडे पाहिलं.

"मी? मी भूल देणारा डॉक्टर आहे हो."

"म्हणूनच," मोहनराव म्हणाले. "लोकांना गप्प करायची तुम्हाला सवय आहे. शिवाय मुलगी तुमची आहे."

पद्माकरने मान्य केलं. त्याला आजवर कोणी कशासाठी निवडलं नव्हतं. हॉस्पिटलात त्याचे साहेब त्याला 'पॅडी' म्हणत आणि तो 'येस सर' म्हणे. इथे त्याला दंडावर बांधायला भगवी पट्टी मिळाली. पट्टीवर मंडळातल्या सुमनताईंनी लाल दोऱ्याने 'डॉ. पद्माकर उकिडवे' असं पूर्ण नाव काढलं होतं. आरशासमोर पट्टी बांधताना त्याला बरं वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पहिल्या शनिवारी ठरावाला उदंड प्रतिसाद मिळाला. 'हाय', 'बाय द वे' आणि 'अॅक्च्युअली' या तीन शब्दांनीच निम्मा हॉल पायऱ्यांवर गेला. 'सँडविच' या शब्दाने उरलेल्यातले बरेच गेले. बाहेर थंडी होती, पण गर्दीमुळे ती जाणवेना. पायऱ्यांवर हास्यविनोद रंगले, कोणी वेस्ट इंडीजच्या मॅचचं सांगू लागलं, कोणी नवीन फ्रिजचं. आत मोहनराव आणि भाषारक्षक दोघेच एकमेकांकडे शुद्ध मराठीत बघत बसले. अध्यक्षांच्या लक्षात त्रुटी आली. पुढच्या बैठकीत दुरुस्ती झाली आणि पायऱ्या हॉलचाच भाग मानल्या गेल्या.

त्यानंतर मात्र लोक जपून बोलू लागले. जपून बोलण्याचा सर्वात खात्रीचा प्रकार म्हणजे न बोलणं, हेही हळूहळू सगळ्यांना समजलं. डिसेंबरातल्या एका शनिवारी सुमनताई घाईघाईने पद्माकरजवळ आल्या.

"डॉक्टर, अहो ते... ते भिंतीवरचं..."

"हं, बोला."

"पांढरं. गरम असतं ते. त्याच्यातून..."

"वहिनी, घाई नको. शब्द सापडेल."

सुमनताईंनी डोळे मिटले. त्या रुइया कॉलेजच्या बी.ए. होत्या. आजूबाजूचे चारजण मदतीला आले. एकाने 'ऊबपेटी' सुचवलं, दुसऱ्याने 'तापपट'. 'उष्णताप्रसारक' एकमताने मंजूर होईपर्यंत रेडिएटरचं पाणी सतरंजी ओलांडून व्यासपीठापर्यंत पोचलं होतं. समारोपात मोहनरावांनी सुमनताईंचं खास अभिनंदन केलं. पाणी घोट्यापर्यंत आलं, पण भाषा कोरडी राहिली, असे त्यांचे शब्द होते. लोकांनी ओल्या बुटांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे बूट आपटले. हात गारठले होते.

मंडळाच्या दृष्टीने प्रत्येक घर ही एक शाखाच होती, त्यामुळे पद्माकरने पिनरच्या घरातही कामाला सुरुवात केली.

"बाबा, मला टोस्ट पाहिजेत," शैला सकाळी म्हणे.

"एक असेल तर 'पाहिजे'. आणि टोस्ट नाही, भाजलेला पाव."

"मला... भाजलेली पाव..."

"भाजलेला. तो पाव."

शैला हात आखडता घेई. काही दिवसांनी ती टोस्ट मागेनाशी झाली; आईच्या ताटलीतला घेऊ लागली. मग बापाला सांगायचं असेल ते ती आईला इंग्रजीत सांगू लागली. मग तेही थांबलं. पूर्वी पद्माकर ड्यूटीवरून आला की ती जिन्यावरूनच ओरडायची, "बाबा आली!" आता तो आला की ती पुस्तक घेऊन वरच्या खोलीत जायची. पद्माकरला वाटलं, मुलगी समंजस झाली.

त्याची बायको सुप्रभा स्थानिक लायब्ररीत काम करायची. कमी बोलायची, पण नेमकं. एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली, "अहो, शैला तुमच्याशी शेवटचं कधी बोलली, आठवतंय?"

"महिन्याभरात एक वाक्य चुकीचं बोललेली नाही ती."

"बरोबरही नाही बोलली."

पद्माकरने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मनात आलेल्या वाक्यात 'डिसिप्लिन' हा शब्द होता. 

जानेवारीत संक्रांतीचा कार्यक्रम झाला. हॉलमध्ये तिळगूळ मुकाट्याने वाटला जात होता. 'गोड बोला' एवढं सगळे म्हणत आणि पुढे काही बोलत नसत. त्या शांततेत पद्माकरला कुठून तरी हसण्याचा आवाज आला. आवाज किचनमधून येत होता. ठरावात 'हॉल' आणि 'पायऱ्या' होत्या; किचनचा उल्लेख राहून गेला होता.

किचन एलिशेबा झिराडकरांकडे असे. त्या मुंबईहून आलेल्या, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातल्या, मुलगा सियोन याच्याकडे स्टॅनमोरला राहात. ना संक्रांत त्यांची ना कोजागरी, त्यामुळे त्या मंडळाच्या कुठल्या कलमात बसतात यावर पूर्वी एकदा बरीच चर्चा झाली होती. ती संपेपर्यंत कोणीतरी चहा केला पाहिजे म्हणून त्या किचनमध्ये गेल्या होत्या, त्या तिथेच होत्या. सगळी मुलं त्यांना एली मावशी म्हणत.

पद्माकर दाराशी थांबला. ओट्यापाशी सगळी पोरं गोळा झाली होती आणि मधोमध उलट्या बादलीवर बसून शैला गोष्ट सांगत होती.

"मग ड्रायव्हर म्हणाली, ए मांजर, तू तिकीट काढला का? आणि मांजर म्हणतो, मी तर फक्त एक स्टॉप जातो!"

"अगो बाई!" एलिशेबाबाईंनी कपाळावर हात मारला. "मगे? ती ड्रायव्हरीण काय म्हणाली त्याला?"

ड्रायव्हर बाई आहे आणि मांजर बाप्या, हे त्यांनी विनातक्रार मान्य केलं होतं. पद्माकरला हसू आलं, आणि ते मोठ्याने आलं. शैलाने वळून पाहिलं. तिने बापाकडे पाहिलंच नाही. तिची नजर पट्टीवर गेली. ती बादलीवरून उतरली.

"सॉरी," ती म्हणाली. मग हाही शब्द इंग्रजी आहे हे लक्षात येऊन तिने तोंडावर हात ठेवला, आणि स्वतःहूनच पायऱ्यांकडे चालू लागली.

भूल देताना समोरचा माणूस बोलता बोलता थांबतो तो क्षण पद्माकरने हजारदा पाहिला होता. त्या क्षणाचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. तो तिच्या मागोमाग गेला, थंडीत तिच्याशेजारी पायरीवर बसला, पण काय बोलावं ते त्याला सुचेना. शैलालाही सुचलं नाही. 

तोवर मोहनराव किचनमध्ये पोचले होते. पद्माकर परत आला तेव्हा चौकशी सुरू होती.

"बाई, ही कुठली मराठी शिकवता मुलांना?"

"शिकवतंय कोण? पोरं बोलतात, मी ऐकते."

"अशुद्ध बोलतात!"

"बोलतात ना? तुमच्या हॉलात तर कोण मेल्यावानी बसलीत सगळी."

"उकिडवे, तुम्ही मुख्य भाषारक्षक आहात. तुमचं मत?"

सगळ्यांनी पद्माकरकडे पाहिलं. एलिशेबाबाईंनीही पाहिलं. पद्माकरने पट्टी सारखी केली आणि म्हणाला, "किचनचा... म्हणजे स्वयंपाकघराचा विचार व्हायला हवा." म्हणताना त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण वाक्य शुद्ध होतं.

विचार झाला आणि किचनही हॉलमध्ये समाविष्ट झालं. एलिशेबाबाईंनी एप्रन काढून खुंटीला अडकवला, "मग च्या तुम्हीच करा," म्हणाल्या, आणि गेल्या. पुढे मंडळात चहा झाला, पण तो चहा आहे हे सांगावं लागे, आणि सांगायला कोणी बोलत नसे.

मार्चमध्ये पद्माकरने अहवाल सादर केला: नियमभंग शून्य. ही वार्ता पुण्याला पोचली. मायमराठी संवर्धन परिषदेचे कार्याध्यक्ष प्राचार्य गिरीश नानिवडेकर युरोपच्या दौऱ्यावर निघालेच होते. ते मुद्दाम वाकडी वाट करून हॅरोला मंडळाच्या हॉलवर आले. विलायतेतल्या शुद्ध मराठीचा नमुना पुण्याला न्यायचा म्हणून त्यांनी टेपरेकॉर्डरही आणला होता. दोन तास त्यांनी मायबोलीवर भाषण केलं. दुधाची भाषा, रक्ताची भाषा, परकीय शब्दांचं तण, सगळं झालं. श्रोत्यांपैकी काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी टेप सुरू केला आणि माइक सभेकडे धरला.

"बोला! मनमोकळं बोला!"

रीळ फिरत राहिलं. कोणीतरी खोकलं. सुमनताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"ही शुद्धता," मोहनराव हळूच म्हणाले. प्राचार्यांनी मान डोलावली आणि टेप बंद केला.

तेवढ्यात हॉलची केअरटेकर दार उघडून आत डोकावली. शैला उडी मारून तिच्याकडे गेली आणि तिच्या मांजरीला पिल्लं झाली का, किती झाली, कोणत्या रंगाची, असं एका दमात इंग्रजीत विचारू लागली. सभेने श्वास रोखला. पद्माकरचा हात सवयीने वर गेला. पण प्राचार्य खुर्चीतून उठलेच होते.

"कोणाची मुलगी ही?"

"माझी," पद्माकर म्हणाला. "क्षमा असावी, ती..."

"अहो क्षमा कसली! काय उच्चार आहेत! वा!" प्राचार्यांनी त्याला कोपऱ्यात ओढलं आणि आवाज खाली आणला. "माझा नातू हिच्याच वयाचा. कॉन्व्हेंटात घातलाय. घरात मराठी आम्ही पूर्ण बंद केली, मीसुद्धा त्याच्याशी 'कम' आणि 'गो' असंच बोलतो, पण हे वळण येत नाही हो जिभेला. तिला म्हणावं, या टेपमध्ये बोल. काहीही बोल. तो सकाळ-संध्याकाळ ऐकेल."

 पद्माकरने दंडावरची गाठ सोडली, पट्टीची घडी केली आणि खिशात घातली. शैलाजवळ जाऊन तो उकिडवा बसला.

प्राचार्यांच्या नातवाचं सगळं शैलाने ऐकून घेतलं. मग पुष्कळ आठवड्यांनी ती बापाशी बोलली.

"बाबा, पण ते मुलगा मराठी नाही बोलते?"

 मोहनराव दुरुस्तीची वाट पाहात होते.

"नाही बोलते," पद्माकर म्हणाला.

"का?"

"तिच्या आजोबा नाही म्हणते."

शैला खुदकन हसली. "बाबा, तू चुकली!" ती म्हणाली, आणि नंतर टेपमध्ये मांजरीच्या पिल्लांविषयी इंग्रजीत भरपूर बोलली. तिथून बापलेक बसने स्टॅनमोरला गेली आणि एलिशेबाबाईंच्या दारावर थाप मारली. बाईंनी पद्माकरला आत घेतलं, पण मध्ये बोलायचं नाही या अटीवर. दर शनिवारी ती दोघं तिकडेच जाऊ लागली.

नानिवडेकरांनी परत गेल्यावर 'विलायतेतील मायमराठी' या विषयावर व्याख्यानमाला गुंफली. ती फार गाजली. त्याहून गाजली ती टेप. शेजाऱ्यांनी प्रत मागितली, शेजाऱ्यांच्या मेहुण्यांनी मागितली, मग ती नाशकाला गेली, कोल्हापूरला गेली, ठाण्यात तर गल्लोगल्ली झाली. घरोघरी पोरं ती ऐकून 'किटन' म्हणायला शिकली आणि आयांनी ते पाहुण्यांसमोर म्हणवून घेतलं. तुम्ही मात्र हे सगळं शुद्ध मराठीत, शेवटपर्यंत वाचलंत, याबद्दल मंडळ आपलं आभारी आहे. मुलांनाही वाचायला द्या. येतं ना त्यांना वाचता?