धुतलेला पिंजरा

हळर्णच्या गोकुळदासने एक उंदीर पकडायचं ठरवलं. (यापेक्षा मोठं काही ठरवायची त्याला घरात मुभा नव्हती.) चवथ तोंडावर आली होती. गणपतीच्या डोक्यावर फळांची माटोळी बांधायची होती आणि वास्कोहून मेव्हणा सुदेश यायचा होता. त्याच्यासमोर कुरतडलेली काकडी लोंबली, तर तो वर्षभर सगळ्या गोतावळ्यात तेच सांगत सुटणार!

पिंजरा आणला. उंदीर त्याकडे ढुंकून बघेना. भिंतीच्या कडेकडेने यायचा आणि पिंजऱ्याला लांबचा वळसा घालून जायचा. गोकुळदासने मोबाइलवर अभ्यास केला आणि बायकोला मास्तरी थाटात सांगितलं, "शेवंती, उंदीर नव्या वस्तूक भियेता. आधी वळख होवंक होई."

मग ओळख सुरू झाली. उघड्या पिंजऱ्यात रोज सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी! ("आमका शितकडी आणि त्येका पंगत!" इति शेवंती.) उंदीर धीट झाला, जावयासारखा येऊन जेवून जाऊ लागला. गोकुळदासला त्याचा थोडा लळाही लागला. चवथीच्या आदल्या संध्याकाळी तो पिंजऱ्याची कळ लावायला गेला. बघतो तर पिंजरा आरशासारखा चकचकीत!

"ह्यां काय केलंस?"

"सुंगटांची घाण मारी होती. चवथीच्या घरात तसोच ठेवतलंय? चिंचेन घासून धुतलो."

झालं! उंदराला पिंजरा पुन्हा नवा. पुन्हा लांबचा वळसा. आठवड्याची सुंगटं पाण्यात.

चवथीच्या सकाळी गोकुळदासने वर बघितलं. माटोळीवर एकही दात उमटला नव्हता! अहो, माटोळीसुद्धा नवीच की! आपला गणपती दीड दिवसाचा, तेवढ्यात ह्या भित्र्याला कुठला धीर होतोय? गोकुळदास हरखला. जुन्या पेटीतला सोवळ्याचा रेशमी मुकटा घाईघाईने नेसून आरतीला सगळ्यांच्या पुढे उभा राहिला आणि तारस्वरात सुरू झाला.

मागून सुदेशचा आवाज आला, "भावोजी, माटोळी बरी रवली. पण मुकट्याक खिडकी कधी केलात?"

गोकुळदासचा हात मागे गेला. हात आरपारच गेला.

"तो नव्याक भियेता," शेवंती टाळ वाजवतच म्हणाली, "तुमीच सांगलात. पेटी त्येच्या वळखीची."

दुसरं सोवळं घरात नव्हतं. त्यामुळे गणपतीचं विसर्जन होईपर्यंत गोकुळदास नैवेद्य घेऊन घरभर फिरला तो भिंतीच्या कडेकडेने, आणि पाहुणे दिसले की लांबचा वळसा घालून.