शेऱ्याचा रकाना

यंदा शेरे हाताने लिहायचे नाहीत, मोबाइलला बोलून दाखवायचे, असं सातवीच्या वर्गशिक्षकांनी ठरवलं आणि तिथेच सगळं बिनसलं.

एरवी सरांना शेऱ्यांचा त्रास नव्हता. नोकरीला लागल्यापासून ते प्रत्येक प्रगतिपुस्तकावर ‘समाधानकारक’ एवढंच लिहीत आले होते. हुशारालाही तेच, ढ गोळ्यालाही तेच. पण या सहामाहीला मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, त्यांना बोलावून घेतलं.

“सर, श्रेणी म्हणजे नुसतं एक अक्षर. त्यातून मूल कसं आहे ते कळतं का?”

नव्हतंच कळत. परीक्षेचे गुण, तोंडीचे, वहीचे आणि प्रकल्पाचे (म्हणजे आईवडिलांचे) एकत्र ढवळून त्यातून एक अक्षर काढायचं, अशी पद्धत होती. त्या अक्षराने कुणी दुखावत नसे. नापास तर कुणी होतच नसे. अगदीच वाईट असेल, तर ‘प्रगतीला वाव’.

“प्रत्येकाला वेगळा शेरा हवा,” बाई म्हणाल्या. “मनापासून लिहिलेला.”

मनापासून म्हटल्यावर सरांनी हाताने लिहायचा नाद सोडला आणि मोबाइल हाती घेतला.

रविवारी दुपारी ते जेवणाच्या टेबलाशी बसले. समोर बायको कपड्यांना इस्त्री करत होती. सर मोबाइलवर एकेका मुलाचा शेऱ्याचा रकाना उघडत, माइकचं बटण दाबत आणि काहीतरी पुटपुटत. बायको नेहमीप्रमाणे बोलत होती. सर नेहमीप्रमाणे ऐकत नव्हते. (ही कला त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षातच कमावली होती.) मोबाइलला मात्र ती कला अवगत नव्हती. त्याने पुटपुटणाऱ्याला सोडलं आणि ठणकावून बोलणारीचं ऐकलं. दुपारभर. अख्खा वर्ग होईपर्यंत.

सरांनी काही वाचून पाहिलं नाही; शेरे तसेच प्रगतिपुस्तकांवर छापले गेले. लिहिलेलं वाचायची त्यांना सवयच नव्हती.

निकालाच्या दिवशी पहिल्याच बाकावर बसलेल्या मुलाचे वडील प्रगतिपुस्तक उघडून उभे राहिले.

“सर, हे तुम्ही लिहिलंत?”

“हो, मीच. का?”

वडिलांनी मोठ्याने वाचलं. “‘नुसती मान हलवता. आत काही जात नाही तुमच्या. दूध उतू गेलं तरी खुर्ची सोडणार नाही.’”

सरांनी प्रगतिपुस्तक आपल्याकडे ओढून घेतलं. हे वाक्य त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. पुष्कळदा ऐकलं होतं.

“अगदी बरोबर ओळखलंत हो!” वडील गहिवरले. “आणि मुलांना अहो-जाहो करता, हे फार आवडलं.”

मग रांगच लागली. एका आईने ‘कॉलर बघा जरा, माणसाची आहे का ती?’ हे वाचून मुलाचा कान तिथेच पिरगाळला. दुसरीने ‘चूक झाली की वर्तमानपत्रात तोंड खुपसायचं’ हे आपल्या नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं. नवरा म्हणाला, “अगं, ते पोरासाठी आहे.” ती म्हणाली, “असेल.”

सगळ्यात शेवटी मागच्या बाकावरच्या मुलीचे आईवडील आले. ही मुलगी वर्गात आहे की नाही, हे सरांना हजेरी घेतानाच काय ते कळे. तिच्या आईने हलक्या आवाजात वाचलं.

“‘इतकी वर्षं झाली. मला काय आवडतं, ते एकदा तरी विचारलंत का?’”

मुलगी बाहेर व्हरांड्यात उभी होती.

“सर,” वडील खाली बघत म्हणाले, “हे तिने तुम्हाला सांगितलं?”

सरांनी व्हरांड्याकडे पाहिलं. “मला नाही सांगितलं,” ते म्हणाले. “म्हणजे सांगितलं असेल. माझं लक्ष नव्हतं.”

संध्याकाळी मोठ्या बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. “किती बारकाईने ऐकता हो तुम्ही! आता इतर शिक्षकांनाही तुम्हीच शिकवायचं.”

सर घरी आले ते घाबरतच. त्यांनी बायकोला खुर्चीत बसवलं आणि मोबाइलमधले शेरे वाचून दाखवले. सगळे.

“हे मी बोलले?”

“हो.”

“आणि तुम्ही तेव्हा कुठे होता?”

“समोरच.”

ती हसेल किंवा भडकेल, असं त्यांना वाटलं होतं. तिने तसं काहीच केलं नाही. नुसती उठली आणि पानं घेतली. जेवताना म्हणाली, “मीठ तुमच्या डावीकडे आहे.” पुढे कितीतरी दिवस ती एवढंच बोलत राहिली. कामापुरतं, नीट, शांतपणे. सुरुवातीला सरांना घर कसं छान निवांत वाटलं. मग ते दुपारी उगाचच रेडिओ लावायला लागले.

वार्षिक निकाल जवळ आला. सगळ्या शाळेचं लक्ष आता सरांच्या शेऱ्यांकडे होतं. रविवारी बायको इस्त्री करायला उभी राहिली, तसे ते खुर्ची ओढून तिच्या अगदी जवळ बसले. माइकचं बटण दाबलं आणि मोबाइल तिच्यापुढे धरला.

“बोल.”

“काय बोलू?”

“काहीही. पूर्वीसारखं. माझ्याबद्दल बोल ना. या वेळी मी ऐकतोय.”

तिने इस्त्री उभी करून ठेवली. खरोखर आठवायचा प्रयत्न केला. मग मान हलवली.

“नाही हो. झालं बोलून,” ती म्हणाली आणि घडी घातलेले शर्ट उचलून आत गेली.

सर मोबाइल तसाच धरून बसून राहिले. मोबाइलने थोडा वेळ वाट पाहिली, मग पडद्यावर आपणहून लिहिलं: “काहीही ऐकू आले नाही. पुन्हा प्रयत्न करा.”