गुरांच्या पुस्तकातला उजेड

पुस्तक कागदावर वाचायचं असतं, काचेवर नव्हे, असं मी आजवर इतक्या लोकांना सुनावलं आहे, की लेकीने वाढदिवसाला ई-रीडर पाठवला तेव्हा मी खोकंसुद्धा उघडलं नाही. काचेवर वाचणारा माणूस उद्या काचेवर जेवेल, असं एक खणखणीत वाक्य मी तिला फोनवर ऐकवलं. (आमची ही त्याच वेळी काचेची ताटं मांडत होती. माझी वाक्यं अशीच मुहूर्त साधून येतात.)

हिने मात्र खोकं उघडलं, आतली ती काचेची पाटी हातात घेतली आणि माझ्या पुस्तकांच्या भिंतीकडे पाहिलं. बाहेरच्या खोलीतली ती अख्खी भिंत माझी. हिचं शिलाई मशीन स्वयंपाकघरात, दार आणि फ्रीज यांच्यामध्ये. फ्रीज उघडायचा तर हिला हातातली शिवण टाकून उठावं लागतं. मापं द्यायला आलेल्या बायका ओट्याला टेकून उभ्या राहतात. एवढ्याशा पाटीत सगळी पुस्तकं मावत असतील तर भिंत कशाला अडवायची, असा हिचा सरळ प्रश्न होता.

"या पाटीवर मी एक पुस्तक जरी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, तरी भिंत तुझी," मी छातीठोकपणे म्हणालो.

ही वाद न घालता मशीनवर जाऊन बसली. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

पुढे एकदा ही बाजारात गेली असताना, शत्रूची ताकद पाहावी म्हणून मी पाटी सुरू केली. लेकीने आत एक रहस्यकथा भरून ठेवली होती. जिभेला बोट लावून पान उलटायची माझी जन्माची खोड. ओल्या बोटाने ती काच अशी काही बिथरली, की खून व्हायच्या आधीच पोलीस येऊन जबाब घेऊ लागले. बोट पुसलं, परत सुरुवातीला आलो. मग अक्षर मोठं करता येतं हे कळलं. ते मी दुकानाच्या पाटीएवढं केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि कित्येक वर्षांनी डोळ्यांतून पाणी न येता वाचत बसलो. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला.

प्रश्न लपवण्याचा होता. पाटी आत ठेवून उघडं धरता येईल एवढं मोठं पुस्तक घरात एकच निघालं: 'गुरांचे रोग व उपचार'. हिचा धाकटा भाऊ गुरांचा डॉक्टर. शिकायला आमच्याकडे राहिला होता, तेव्हाचा त्याचा हा ठोकळा. तो मांडीवर उभा धरला की समोरच्याला फक्त गाईचं चित्र दिसे. मी राजरोस हिच्यासमोर वाचू लागलो. कुठे दचकायचो, कुठे खुदकन हसायचो. इन्स्पेक्टरचं कुत्रं मेलं तेव्हा तर रुमाल काढला. कागदाचा झेंडाही उंच आणि काचेची मजाही पदरात. माझ्या हुशारीवर मीच खूश होतो.

ही मात्र काळजीत पडली असावी, कारण तिने भावाला बोलावून घेतलं. मेहुणे संध्याकाळी आले आणि समोर बसून मला बराच वेळ न्याहाळत राहिले. (गुरांच्या डॉक्टरला रोग्याने काही सांगावं अशी अपेक्षाच नसते.)

"भाऊजी, या पुस्तकावर मी रडलोय," ते शेवटी म्हणाले. "पण ते परीक्षेमुळे. तुम्ही हसताय कुठे?"

"पोटफुगीवर," मी म्हणालो आणि पान उलटलं. कथा ऐन रंगात आली होती, खुनी फक्त एका पानापलीकडे होता. दोघं एकदम गप्प का झाली, हे पाहायलाही मला सवड नव्हती.

वीज गेली होती. खोलीत मिट्ट काळोख होता, आणि मी गुरांच्या पुस्तकातून येणाऱ्या पांढऱ्या उजेडात रंगून वाचत होतो.

तरीही मी डगमगलो नाही. वीज आल्यावर दोघांसमोर बाजू मांडली: शब्द अख्ख्या पुस्तकाचा होता, आणि शेवटचं पान मी वाचलेलं नाही. कधी वाचणारही नाही. मेहुण्यांनी न्यायाधीशाच्या थाटात मान डोलावली. भिंत वाचली. त्या दिवसापासून मी पाटी उघडपणे टेबलावर ठेवू लागलो. आता लपवायचं काय होतं? एक पान सोडलं तर जग माझं होतं. ते पान मात्र घास अडकल्यासारखं घशाशी राहिलं.

एका सकाळी अंघोळ करून बाहेर आलो तर ही हातातली पाटी टेबलावर ठेवत होती. कुठलंही पुस्तक हाती आलं की आधी शेवटचं पान पाहायची हिची खोड मी विसरलो होतो.

"त्याच्या बायकोनेच मारलं त्याला," ही शांतपणे म्हणाली. "तो काय लपवतोय ते तिला पहिल्यापासून ठाऊक असतं. झालं तुमचं पुस्तक."

मग गळ्यातली टेप काढून ती भिंतीचं माप घेऊ लागली. दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी ओल्या अंगाने टॉवेल सावरत ते धरून उभा राहिलो.

"सरळ धरा," ही म्हणाली.